कुड्याची साल आणि मीठ-साखरेचे पाणी

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, नाल्यांना गढूळ पाणी आले, की आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यातील गर्दीचे रूप बदलते. उन्हाळ्यातील ऊन लागणे, घोळणा फुटणे हे मागे पडते आणि जुलाब, उलट्या, हगवण, आव यांचे रुग्ण येऊ लागतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या डोंगरातील कुड्याची झाडे फुललेली असतात. रोग आणि त्यावरचे जुने औषध एकाच हंगामात आपल्यासमोर येतात, म्हणूनच की काय, कुडा आणि पोटाचे विकार ही जोडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पक्की बसलेली आहे.

मागील महिन्यात एका शेतकरी वाचकाचे पत्र आले. ते लिहितात, "कुड्याची साल जुलाबावर रामबाण आहे असे ऐकतो. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला टेकडीवर ही झाडे आहेत. घरातील लहान मुलांना साल उगाळून द्यावी काय? किती द्यावी?" पत्र चार ओळींचे आहे. पण त्याचे उत्तर चार ओळींत देण्याची चूक मी एकदा केलेली आहे. म्हणून आज सर्व सविस्तर लिहितो.

चूक माझी होती

मी आयुर्वेदाचा पदवीधर. घाटाखालच्या एका गावात बरीच वर्षे दवाखाना चालवतो. सुरुवातीच्या काळात शेजारच्या खेड्यातील एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे येत. त्यांना जुनाट आवेचा त्रास होता. दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावे लागे, पोटात मुरडा येई, शेंब पडे. शौचाची तपासणी करून घेतली, आवश्यक त्या गोळ्या दिल्या आणि त्याबरोबर कुटजाचे औषधही सुरू केले. त्यांना चांगला आराम पडला. जाताना मी त्यांना सहज म्हणालो, "बाबा, कुड्यासारखे पोटाला औषध नाही." माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात त्यांची पत्नी सुनेसह धावत दवाखान्यात आली. सुनेच्या खांद्यावर तीन वर्षांचा नातू होता. दोन दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होत होते. मुलाचे डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच राहत होती. रडायचा, पण डोळ्यांत पाणी येत नव्हते.

"काय दिलं याला?" मी विचारले.

"कुड्याची साल देली डॉक्टरसाहेब, बाजारातून आणून. दोन दिस झाले उगाळून देतो. तुमीच त सांगतलं होतं आमच्या बुढ्याले."

"आणि पाणी?"

"पानी पाजलं का ढाळ वाढतेत, म्हून बंदच ठेवलं."

सून हळूच म्हणाली, "काल संध्याकाळपासून लघवी नाही केली त्यानं."

शिरेतून सलाईन लावून मुलाला जिल्ह्याच्या गावी पाठवले. दोन दिवस त्याने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. तो वाचला. आज तो कॉलेजात जातो. पण त्या रात्री मला झोप आली नाही. आजींनी काहीही मनाने केले नव्हते. एका रोगावरचे माझे बोलणे त्यांनी दुसऱ्या रोगाला लावले होते. जुनाट आव वेगळी आणि लहान मुलाचे पाण्यासारखे जुलाब वेगळे, हे मी कधी सांगितलेच नव्हते. त्यांच्या पदरच्या पुडीतील सालीचा तुकडा मी जिभेवर ठेवून पाहिला. तो कडूही लागला नाही. म्हणजे बाजारातील विक्रेत्याने दिलेली साल कुड्याची नव्हतीच. पण खरी गोष्ट पुढची आहे. ती साल अस्सल असती, तरी त्या मुलाची अवस्था तीच झाली असती.

असे का, हे समजण्यासाठी आधी झाड ओळखू, मग रोग ओळखू.

डोंगरातील कुडा

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपल्या बोलण्यात नेहमी येतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेतील जंगल, त्यात खामगाव-बुलढाणा रस्त्यावरील बोथ्याचे जंगल आणि सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य. घाटाखाली पूर्णेचे सपाट काळे खोरे, आणि त्याच्या उत्तरेला संग्रामपूर-जळगाव जामोदच्या पलीकडे सातपुडा, जिथे अंबाबरवा अभयारण्य आहे. ही दोन्ही अभयारण्ये १९९७ साली जाहीर झाली. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस अशा पानझडी झाडांचे हे रान. या मोठ्या झाडांच्या सावलीत, उतारावर आणि नाल्याच्या कडेला जी मध्यम उंचीची झाडे-झुडपे वाढतात त्यांत कुड्याचे स्थान आहे.

उन्हाळ्यात कुडा निष्पर्ण, वाळका दिसतो. पण वैशाखात नवी पालवी फुटते आणि फांद्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. पावसाच्या सुरुवातीपर्यंत हा बहर टिकतो. संध्याकाळी मंद सुगंध येतो. कालिदासाच्या 'मेघदूता'त रामगिरीवरचा यक्ष आषाढाच्या आरंभी मेघाचे स्वागत करतो ते कुड्याच्याच ताज्या फुलांनी. रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे अनेक विद्वान मानतात. म्हणजे विदर्भाच्या पावसाशी कुड्याचे नाते किती जुने आहे ते पाहा!

झाडाच्या खुणा अशा. पाने समोरासमोर जोडीने, मोठी, लांबट-अंडाकृती. पान किंवा कोवळी फांदी तोडली की पांढरा चीक निघतो. साल करड्या-तपकिरी रंगाची, खडबडीत, जुन्या झाडावर तिचे पापुद्रे सुटतात. शेंगा जोडीने लोंबतात, पेन्सिलीहून बारीक आणि हातभर लांब. हिवाळ्याच्या शेवटी त्या तडकतात आणि आतील बिया भुऱ्या केसांच्या झुपक्यासह वाऱ्यावर उडतात. या बियांचा आकार जवासारखा, म्हणून त्यांना इंद्रजव म्हणतात. राम-रावण युद्धानंतर इंद्राने वानरसैन्य जिवंत करण्यासाठी अमृत शिंपडले, त्याचे थेंब जिथे पडले तिथे कुडा उगवला, अशी कथा आहे. चीक असल्यामुळे गुरे या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, आणि तोडले तरी बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून उजाड टेकडीवरही कुडा तग धरून राहतो.

पांढरा कुडा आणि काळा कुडा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुडा नावाची दोन झाडे आपल्याकडे आहेत. वर वर्णन केलेला तो पांढरा कुडा, शास्त्रीय नाव होलॅऱ्हिना प्युबेसेन्स. दुसरा काळा कुडा, शास्त्रीय नाव रायटिया टिंक्टोरिया. दोन्ही एकाच कुळातील, दोन्हींना चीक, दोन्हींना पांढरी फुले, दोन्हींच्या शेंगा जोडीच्या. अनोळखी माणसाची फसगत होणारच.

फरक असा लक्षात ठेवावा. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात, जणू कोणी चिमटा लोंबत ठेवला आहे. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा टोकाशी सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी बारीक झालर असते, पांढऱ्याच्या फुलात ती नसते. काळ्या कुड्याची पाने वाळली की काळी-निळी पडतात. पूर्वी त्यांपासून निळा रंग काढीत. आणि चव! पांढऱ्या कुड्याची साल व बी अत्यंत कडू, काळ्याची तशी नाही. म्हणूनच बाजारात एकाला कडू इंद्रजव आणि दुसऱ्याला गोडे इंद्रजव म्हणतात.

काळा कुडा निरुपयोगी मात्र नाही. त्याची पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवली की तेल जांभळे होते. दक्षिणेकडील सिद्ध वैद्यकात ते त्वचारोगांवर लावतात. कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी याच झाडाच्या मऊ, पांढऱ्या लाकडाची बनवीत आले आहेत. पण आवेवरचे औषध म्हणून तो पांढऱ्या कुड्याच्या जागी चालत नाही.

ही फसगत केवळ आपलीच झालेली नाही. युरोपातील औषधविक्रेते एके काळी कुड्याची साल 'कोनेसी' किंवा 'तेलिचेरी' साल या नावाने आपल्या देशातून मागवीत. पण तिच्यात काळ्या कुड्याची साल मिसळून येऊ लागली, गुण येईना, आणि औषधाचे नाव खराब झाले. दोष झाडाचा नव्हता, ओळखीचा होता.

औषध आहे, पण कशावर?

पांढऱ्या कुड्याला संस्कृतात कुटज म्हणतात. चव कडू-तुरट, गुण ग्राही म्हणजे मल बांधणारा. अतिसार, आव, रक्ती मूळव्याध यांवर कुटजारिष्ट, कुटजघनवटी, कुटजावलेह ही औषधे आजही वैद्य देतात.

आधुनिक शास्त्रानेही कुड्याकडे दुर्लक्ष केलेले नाही. सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड एकोणिसाव्या शतकातच वेगळे करण्यात आले. आवेचे मुख्य प्रकार दोन. एक अमीबा नावाच्या सूक्ष्म जीवामुळे होणारी, दुसरी शिगेला नावाच्या जंतूमुळे होणारी. हा जंतू जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ साली शोधला. अमीबाच्या आवेवर १९१२ पासून एमेटीनची इंजेक्शने देऊ लागले, पण ती हृदयाला अपायकारक होती. तेव्हा कलकत्त्यात कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्याचा, म्हणजे बंगालीत ज्याला कुर्ची म्हणतात त्याचा, रुग्णांवर अभ्यास केला आणि कुर्चीची औषधे काही काळ डॉक्टरही लिहून देत. शुद्ध कोनेसीन मोठ्या प्रमाणात दिले असता मात्र झोप न लागणे, बेचैनी असे मज्जासंस्थेवरचे दुष्परिणाम दिसले. पुढे १९६० नंतरच्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले आणि अमीबाच्या आवेचा उपचार सोपा झाला.

म्हणजे कुड्याचे काम प्रामुख्याने अमीबाच्या आवेवर. पावसाळ्यात लहान मुलांना जे एकाएकी पाण्यासारखे जुलाब होतात, त्यांत अमीबाचा संबंध क्वचितच असतो. ते बहुधा रोटासारख्या विषाणूंमुळे किंवा दूषित पाण्यातील इतर जंतूंमुळे होतात. बहुतेक मुलांत ते काही दिवसांत आपोआप थांबतात. प्रश्न एवढाच असतो की तोपर्यंत मूल तग धरते की नाही.

आणि आमचे शास्त्र तरी काय सांगते? चरकसंहितेत स्पष्ट सांगितले आहे की अतिसाराच्या पहिल्या, म्हणजे आमाच्या अवस्थेत मल बांधणारे औषध देऊ नये. दोष आत कोंडले जाऊन दुसरे विकार होतात. ज्या ग्रंथांनी कुटजाची थोरवी सांगितली त्यांनीच तो केव्हा देऊ नये हेही सांगितले. आपण अर्धे वाक्य लक्षात ठेवले आणि अर्धे विसरलो.

जंगलातील औषधी झुडपांबाबत जगभर हेच दिसते. अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत रानटी हायड्रेंजिया नावाचे झुडूप आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत, ओढ्याकाठच्या उतारावर वाढणारे, पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांचे. त्याच्या सालीचे पातळ थर एकाखाली एक सुटतात म्हणून त्याला तिकडे 'सात सालींचे झाड' म्हणतात. तेथील मूळचे चेरोकी लोक त्याचे मूळ मूत्रविकारांवर वापरीत आणि पुढे गोरे वैद्यही मुतखड्यावर देऊ लागले. पण त्याच झुडपाची पाने-कळ्या पोटात गेल्या तर उलट्या-जुलाब होतात. कोणता भाग, कोणत्या रोगात, किती आणि कोणाला, एवढे ठाऊक नसेल तर रानातील औषध हे नुसते रानातील झाड असते.

मूल कशाने दगावते?

जुलाबाने मूल दगावते ते जुलाबातील जंतूंमुळे नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. झाडाला पाणी कमी पडले की आधी पाने मलूल होतात, तसे मूल मलूल होते. रक्त घट्ट होते, लघवी बंद होते, नाडी क्षीण होते. अशा वेळी मल बांधण्याच्या मागे लागणे म्हणजे फुटक्या रांजणाचे भोक शोधीत बसणे आणि रांजणात पाणी ओतायला विसरणे होय.

आजी म्हणाल्या की पाणी पाजले की ढाळ वाढतात. त्यांचे निरीक्षण अगदीच खोटे नव्हते. नुसते पाणी आजारी आतड्यात नीट शोषले जात नाही. पण त्या पाण्यात योग्य प्रमाणात साखर आणि मीठ असेल तर गोष्ट बदलते. आतड्याच्या पेशींत एक दार असे असते की ते साखर आणि मीठ बरोबर आले तरच उघडते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. ही कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. जुलाब चालू असतानाही हे दार काम करीत राहते, हीच निसर्गाची कृपा.

त्याचा मोठा पडताळा आपल्याच देशात आला. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या तयार करून पाण्यात मिसळून पाजण्यास सुरुवात केली. पाजणारे होते रुग्णांचे नातेवाईक. जिथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, तिथे ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. इतका मोठा शोध, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातील दोन डब्यांत बसतो!

घरी काय करावे?

जुलाब सुरू होताच, पहिल्या जुलाबापासूनच, ओआरएस म्हणजे जलसंजीवनी पाजावी. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे पुडी मिळते. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळावी. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असे करू नये. तयार पाणी चोवीस तासांत संपवावे, उरलेले फेकून द्यावे.

पुडी मिळेपर्यंत घरीच करावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग भरून घेऊ नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. खारपाणपट्ट्यातील वाचकांनी यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी वापरू नये, गोडे पाणीच घ्यावे.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला, मोठ्यांना हवे तेवढे. चमच्या-चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक, मऊ खिचडी चालू ठेवावी. उपाशी ठेवून जुलाब थांबत नाहीत, मूल मात्र खंगते. त्याबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

दुकानातील गोड शीतपेये जलसंजीवनी म्हणून पाजू नयेत. साखर जास्त असल्याने जुलाब वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' शब्द छापण्यास मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असे लिहिले आहे काय, ते पाहून घ्यावे.

पुढील लक्षणे दिसली तर एक घटकाही न दवडता दवाखाना गाठावा: मूल सुस्त पडणे, पाणी पिता न येणे, डोळे खोल जाणे, कातडीची चिमटी तशीच राहणे, सहा तास लघवी न होणे, सतत उलट्या, जोराचा ताप, शौचात रक्त. रस्त्यातही चमच्याने पाणी पाजत राहावे.

आणि मुळावरचा उपाय विसरू नये. पावसाळ्यात पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरील प्रमाणात टाकून प्यावे. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. रोटा विषाणूची लस बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती चुकवू नये.

मग कुड्याचे काय?

कुडा टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. मोठ्या माणसाला वरचेवर आव पडत असेल तर शौचाची तपासणी करून घ्यावी आणि वैद्याच्या देखरेखीखाली कुटजाची औषधे जरूर घ्यावीत. ती नामांकित औषधालयाची, पक्क्या पावतीची असावीत. आठवडी बाजारातील सुट्या सालीचा भरवसा धरू नये. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांना स्वतःच्या मनाने देऊ नये. कुड्याच्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी काही भागांत करतात. ती जाणत्या माणसानेच आणलेली असावी.

दुसरी गोष्ट, सालीसाठी झाड मारू नका. झाडाचे अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. बुंध्याभोवती गोल साल काढली की मुळे उपाशी राहतात आणि वरचे झाड वाळते. मागे एका वनरक्षकासोबत जंगलातून जाताना त्यांनी असे सोललेले दोन कुडे मला दाखवले. वर फुले अजून टवटवीत होती आणि खाली बुंधा उघडा पडला होता. "फुलं हायेत सायेब, पन झाड गेलं हे," ते म्हणाले. अभयारण्यातून काहीही तोडणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथे अस्वलांचा वावर आहे हे वेगळे सांगायला नको. कुडा हवाच असेल तर बांधावर लावावा. हिवाळ्याच्या अखेरीस शेंगा तडकण्याच्या बेतात असताना बी घ्यावे आणि पावसाआधी पेरावे. चार-पाच वर्षांत तुमच्या बांधावर आषाढाचे स्वागत करणारी फुले दिसतील.

आता पत्रलेखक वाचकांना थोडक्यात उत्तर. लहान मुलाला जुलाब झाले तर कुड्याची साल उगाळून देऊ नका. टेकडीवरचे झाड आहे तिथे राहू द्या आणि घरातील साखरेचा व मिठाचा डबा जवळ घ्या.

त्या आजी पुढे अनेक वर्षे माझ्याकडे येत राहिल्या. त्यांच्या गल्लीत कोणाच्या पोराला जुलाब झाले की त्या स्वतः एक लिटरचे मापाचे भांडे घेऊन तिथे जात. एकदा मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आधी पानी, मंग तुमी, आन्‌ मंग कुडा." इतक्या वर्षांत मला जे नीट सांगता आले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. वाचकहो, हा क्रम घरातील सर्वांना पाठ करून ठेवायला सांगा. पावसाळा तोंडावर आहे.